दारातल्या मॅडम आणि शिवेचा गाडा

दारातल्या मॅडम आत बसायच्या नाहीत आणि बाहेरही बसायच्या नाहीत. उंबऱ्याला लागून घडीची खुर्ची टाकायची, डावा पाय काठीसारखा सरळ पुढं सोडायचा आणि बघत राहायचं. त्या पायाला मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्या होत्या. चालायला लागली की टक, टक वाजायचं. आधी आवाज यायचा, मग बाई यायची. आजही तिची आठवण आली की माझ्या कानात आधी तो आवाज येतो, चेहरा मागून.

नांदेडात आमच्या वस्तीच्या पाठीमागं जुन्या वस्तूंचं एक लहानसं संग्रहालय आहे. आम्ही त्याला अजबखाना म्हणतो. ते नव्यानं रंगवून उघडायचं ठरलं तेव्हा तिथल्या साहेबांनी ह्या बाईला बोलावलं. आंधळा असो, पांगळा असो, म्हातारा असो, निरक्षर असो, प्रत्येकाला आत यावंसं वाटलं पाहिजे. त्यासाठी काय बदलायचं ते सांगणं हा तिचा धंदा. असाही धंदा असतो हे मला तेव्हा कळलं. लातूरचं असंच एक काम आटोपून ती आली होती. मूळची मुदखेडकडची, शिकली पुण्याला. पन्नाशीची असेल. वस्तीनं तिचं नाव ‘दारातल्या मॅडम’ पाडलं. मीही आधी अहो-जाहो करायची. ती म्हणाली, “मावशी, मला अगं म्हणा. अहो म्हटलं की माणूस खरं बोलत नाही.” मग मी अगं म्हणायला लागले.

पहिल्यांदा तिनं मला हाक मारली तेव्हा मी गिरणीतून पीठ घेऊन चालले होते. अजबखान्याच्या फाटकाशी सावली असते म्हणून टेकले.

“मावशी, आत कधी आला नाहीत?”

“आत काय करायचं?”

“आला होतात तुम्ही. मागच्या मंगळवारी दारापर्यंत आलात आणि परत फिरलात. पाऊल कुठं अडलं?”

हा तिचा ठरलेला प्रश्न. आवडलं का, समजलं का, असं ती कुणालाच विचारायची नाही. पाऊल कुठं अडलं, एवढंच. मी म्हटलं, “आत गेलेल्या लोकांना विचार की. इथं रस्त्यावर बसून काय मिळायचं?” ती म्हणाली, “आत गेलेल्यांना काय विचारायचं? ते गेलेच. न गेलेल्यांसाठी बसलेय मी.”

मीही तिला सरळच विचारलं, “पायाला काय झालं?” आमच्या गल्लीतल्या बाकीच्या बाया पायाकडं बघायच्या आणि तोंडानं हवापाण्याचं बोलायच्या. तिला माझं विचारणं बरं वाटलं.

“पोलिओ. चार वर्षांची होते. घरी मात्र वेगळंच सांगायचे.”

“काय?”

“शिवेवरचं काहीतरी उचललंस म्हणून पाय गेला. काय उचललं ते कुणी सांगितलं नाही. आजी तर विषय निघाला की उठूनच जायची.”

मी पिठाची पिशवी उचलली आणि घरी आले. कारण तिच्या खुर्चीच्या मागं हातभर अंतरावर काय ठेवलं होतं ते मला दिसत होतं. तिला मात्र ते काय आहे हे माहीत नव्हतं.

तिची आणखी एक सवय होती. आपल्याला भीती वाटते हे ती सगळ्यांदेखत सांगायची. फाटकात कुत्रं आलं की पहारेकरी गफूरभाईंना ओरडून बोलवायची. गफूरभाई हसायचे, “मॅडम, ये तो पिल्लू है.” ती म्हणायची, “असू द्या. मी घाबरते म्हणूनच मला हे काम जमतं. न भिणाऱ्या माणसाला दार दिसतच नाही.” तिनं बदललेल्या गोष्टी सगळ्या भीतीच्याच होत्या. चकचकीत फरशीवर म्हाताऱ्या बाया पाय घसरेल म्हणून भिंत धरून चालायच्या, तिथं तिनं खरखरीत पट्टी बसवून घेतली. आत देवाच्या मूर्ती आहेत म्हणून बाया बाहेर चपला काढायच्या आणि चोरीला जातील म्हणून आत जीव लागायचा नाही. तिनं गफूरभाईंना सांगितलं, चपला घालूनच आत सोडा, आणि कुणाला काढायच्याच असतील तर हातात पिशवी द्या. पाट्या खाली घेतल्या, अक्षरं बोटाएवढी केली. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण दारातूनच, चष्म्याशिवाय वाचता आल्या मला.

इतकं करूनही चार-दोन सोडल्या तर बाया आत जाईनात. पुरुष जायचे, कॉलेजची पोरं जायची. बाया फाटकातून यायच्या, दाराशी थबकायच्या, पदर सावरायच्या आणि मागं फिरायच्या. साहेब म्हणायचे, “ह्यांना आवडच नाही.” मॅडम म्हणायची, “इथं काहीतरी आहे. मला दिसत नाही, पण त्यांना दिसतंय.” आणि खुर्ची आणखी थोडी आत सरकवायची. म्हणजे त्याच्या आणखी जवळ.

आता ते काय होतं ते सांगते. लिहितानाही माझा हात थांबतोय. दारातून आत शिरताच समोर लाकडी चौथऱ्यावर दोन हात लांबीचा गाडा ठेवला होता. भरीव चाकं, पुढं ओढायला दोरी, मध्ये चौकोनी खोपी. हिमायतनगरच्या बाजूला कुठंतरी बांधावर पडलेला सापडला म्हणून कुणीतरी आणून दिला होता. खाली पाटी होती: लाकडी खेळणे, बैलगाडी. खेळणं नव्हतं ते. मरीआईचा गाडा होता. आणि त्याचं तोंड आत केलेलं होतं.

लोह्याजवळच्या आमच्या गावात मी तो एकदा बघितला. पटकी आली होती. रोज कुणीतरी जायचं. मग सुताराकडून गाडा करून घेतला. त्यात शेंदूर लावलेला दगड, हिरव्या बांगड्या, लिंबू आणि दहीभात ठेवला. चार माणसांनी तोंडातून शब्द न काढता तो शिवेपर्यंत ओढत नेला आणि तिथं सोडला. परत येताना मागं वळून बघायचं नाही. बघितलं की ती मागं येते. ज्या वाटेनं गाडा जाणार त्या वाटेवरची सगळी दारं आतून लावलेली होती. आईनं माझ्या तोंडावर हात दाबून धरला होता. मी दाराच्या फटीतून चाकं बघितली. माझा धाकटा भाऊ त्याच आठवड्यात गेला. गाडा उशिरा निघाला, असं सगळे म्हणाले.

मी भोळी नाही. पटकी घाण पाण्यानं होते हे मला माहीत आहे. कोरोनात आमच्या गल्लीत सगळ्यात आधी इंजेक्शन मी घेतलं, आणि न घेणाऱ्यांना शिव्याही घातल्या. पण गाव ज्याला बाहेर काढतं ते कुणीतरी उचलून दारात आणावं, दार सताड उघडं ठेवावं आणि वर म्हणावं, या, आत या? मी रोज त्या दारावरून जाताना पदर तोंडाला लावायची. शेजारची केराबाई तर तो रस्ताच सोडून लांबून जायला लागली. नाव कुणी काढायचं नाही. नाव काढलं म्हणजे हाक मारली. दोघी एकमेकींकडं बघायचो आणि भाजीचा भाव विचारायचो.

मग ती दुपार आली. मी बँकेतून परत येत होते. मॅडम दारात खाली वाकून काहीतरी चिकटवत होती. मला बघून खूश झाली.

“मावशी, या बघायला. उद्या आंधळ्या पोरांच्या शाळेतली मुलं येणार आहेत. काचेमागचं त्यांना काय उपयोगाचं? एक तरी वस्तू हाताला मिळाली पाहिजे. मी हा गाडा निवडला. खिळा नाही, टोक नाही. चाकं फिरवतील पोरं.”

पाटीवर लिहिलं होतं: हात लावून बघा.

ती गाड्यावर हात ठेवून उभी होती, असा, एखाद्या वासराच्या पाठीवर ठेवावा तसा.

“हात धू,” मी म्हटलं.

“काय?”

“तू हात लावून राहिलीस त्याला?”

“रोजच लावते. मघाशी तेल लावून पुसला की.”

“आधी नळावर चल. हात धू. मग सांगते. हितं न्हाई सांगत.”

ती काही न विचारता आली. टक, टक. तिनं हात धुतले, मी धुतले. मग नळाच्या कट्ट्यावर बसून मी तिला सगळं सांगितलं. नावही सांगितलं, पण हळू. सांगता सांगता मला कळत होतं की मी एका गाड्याचं नाही, दोन गाड्यांचं सांगतेय. तिलाही कळलं. तिचा चेहरा पिठासारखा झाला.

“मावशी, म्हणजे ते हे होतं. शिवेवरचं.”

“काय व्हतं मला काय ठाऊक? मी न्हवते तिथं.”

“चार वर्षांची पोर. चाकं दिसली, बांगड्या दिसल्या. मलाही खेळणंच वाटलं असणार.” ती आपल्या ओल्या हातांकडं बघत होती. “आणि परत खेळणं म्हणूनच मांडून बसले मी. उद्या पोरांच्या हातात देत होते.”

“पोलिओच व्हता तो,” मी म्हटलं.

“पोलिओच होता. किती ठिकाणी उभं राहून सांगितलंय मी. मग मी कापतेय का?”

“मीबी कापून राहिले. चल, च्या घेऊ.”

चहा घेतला. मग ती उठली आणि साहेबांकडं गेली. मीही मागं गेले. तिनं सांगितलं की गाडा आजच दारातून काढायचा. साहेब वाईट माणूस नव्हते. खुर्चीत मागं टेकून म्हणाले, “मॅडम, तुम्ही शिकलेल्या. ह्या अंधश्रद्धेला आपण खतपाणी घालायचं का?”

ती म्हणाली, “साहेब, खरं-खोटं पटवायला मला बोलावलेलं नाही. कोण दारात अडतंय ते बघायला बोलावलंय. अर्धं गाव अडतंय.”

“बरं. सरकारी वस्तू आहे, टाकून देता येणार नाही. आत मागच्या खोलीत ठेवा.”

“आत नाही,” आम्ही दोघी एकदम म्हणालो.

साहेब माझ्याकडं बघायला लागले. मॅडम मला म्हणाली, “मावशी, ह्या अजबखान्याची शीव कुठली?” मी म्हटलं, “कंपौंडाची भिंत. दुसरी कुठली?” “मग तिथं. कोपऱ्यात पत्रा टाकून घेऊ. तोंड रस्त्याकडं. येताना कुणाला दिसायचा नाही, जाताना दिसेल.”

साहेब म्हणाले, “ठीक आहे, हलवा.” मॅडम म्हणाली, “एक बाजू तुम्ही धरता का?” साहेबांचा हात लगेच कमरेवर गेला. “माझी कंबर धरलीय दोन दिवसांपासून. गफूर!” गफूरभाई दारातूनच म्हणाले, “साहब, नौकरी से निकालो, पर मैं हात नहीं लगाता. आमची अम्मा लहानपणी सांगायची, तो गाडा दिसला तर वाट सोड.” माझ्याकडं बघू नका, असं मी आधीच सांगून टाकलं होतं.

तेव्हा मॅडम म्हणाली, “मी नेते.”

मी म्हटलं, “तू तर बिलकुल न्यायचा न्हाई.” ती म्हणाली, “मग कुणी? सकाळी पोरं येणार.” तिचे ओठ सुकले होते. तिला कुत्र्याच्या पिल्लाची भीती वाटायची, आणि ही तर तशी भीती नव्हती. तिला मी त्या वेळी खाली बसवायला पाहिजे होतं की जाऊ द्यायला, हे मला आजही ठरवता येत नाही. मी एवढंच सांगितलं की नेताना बोलायचं नाही, सोडल्यावर मागं बघायचं नाही, आणि येताना मी पुढं चालणार, तू माझ्या पाठीकडं बघत यायचं.

गफूरभाईंनी चौथऱ्याला फळी लावून दिली आणि लांब झाले. तिनं दोरी धरली. भरीव चाकांचा खडखड आवाज मी जवळजवळ सत्तर वर्षांनी ऐकला. माझ्या तोंडावर कुणी हात ठेवलेला नव्हता, तरी माझा श्वास कोंडला. पुढं ती, मागं गाडा, बाजूनं मी. टक, खडखड, टक, खडखड. उन्हात सगळं कंपौंड रिकामं. समोरच्या घराचं दार कुणीतरी आतून लावलं, कडी पडल्याचं मी ऐकलं. म्हणजे बघणारे बघत होते.

कोपऱ्यात पोचलो. तिनं गाडा फिरवून तोंड रस्त्याकडं केलं आणि दोरी सोडली. मी वळले आणि चालायला लागले. मागून टक, टक येत होतं. मी तेवढंच ऐकत होते. लिंबाच्या झाडापर्यंत आलो आणि आवाज थांबला.

मी जागच्या जागी उभी राहिले. तिला वळायचं असेल तर त्या पायानं सगळं अंगच वळवावं लागायचं. पट्ट्या करकरल्या. ती वळली होती. मला ओरडावंसं वाटलं, पण मी स्वतः काही मागं बघितलं नाही. किती वेळ गेला देव जाणे. मग परत करकर झाली. टक. टक. ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली.

“बघितलंस तू,” मी म्हटलं.

“बघितलं. सगळा जन्म त्याला भ्यायले, मावशी. एकदा तोंड तरी बघून घेतलं.”

“अगं ये बये, काय केलंस हे!” असं म्हणून मी तिच्या दंडाला गच्च चिमटा काढला. ती हसली. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आंधळी पोरं आली. त्यांच्यासाठी मी माझं जातं दिलं होतं. पोरांनी ते फिरवलं, त्यात हात घातले, बोटं पिठात माखून घेतली. दाराशी कुणीच अडलं नाही. पण मॅडमचे डोळे लाल दिसत होते. हात लावला तर अंग भाजत होतं.

ती लॉजवर तापात पडली आणि मी तिच्या उशाशी. डॉक्टर म्हणाले, साथ चालू आहे, घरोघरी हाच ताप आहे. ते खरंच होतं. आमच्या गल्लीतही तीन घरांत ताप होता. तरी मी तिचा उजवा पाय धरून बसायची, चांगला होता तो. दर थोड्या वेळानं म्हणायची, “बोटं हलव.” ती तापातही हलवायची. एकदा म्हणाली, “मावशी, तुम्ही सोडा, दुखतोय.” मी म्हटलं, “दुखतोय ना? मग चांगलंय.” केराबाईनं लिंबू उतरून टाकलं. मी तिला टाकू दिलं. गोळ्याही वेळेवर दिल्या. एक काही कमी पडायला नको.

ताप उतरला. बोटं हलतच राहिली. काम संपल्यावर ती सोलापूरकडच्या कुठल्या संग्रहालयाला निघून गेली. जाताना कोपऱ्यातल्या पत्र्याखाली नवी पाटी लावून गेली: हा मरीआईचा गाडा. रोगराई आली की गाव तो शिवेबाहेर नेऊन सोडत असे. लांबून बघा, हात लावू नका. आता बाया अजबखान्यात जातात, जात्यावर हात फिरवतात, मूर्ती बघतात. निघताना कोपऱ्याकडं न बघता तिकडं चिमूटभर हळद टाकतात. गफूरभाई कुरकुरत झाडतात, तेही झाडूची काठी लांब धरून.

निरोप देताना मी तिच्याकडून फोन करायचं कबूल करून घेतलं. फोन आला की मी म्हणायची, “बोलू नको. आधी चालून दाखव.” ती खोलीभर चालायची. टक, टक, टक. “पटलं का, मावशी?” “पटलं. आता बोल.” मग ती कुठल्या गावात कुणाचं पाऊल कुठं अडलं ते सांगायची. मी भाकरी करता करता ऐकायची. फोन यायला उशीर झाला की मला रात्री ती खडखड ऐकू यायची.

ह्या उन्हाळ्यात फोन आला. मी म्हटलं, “चाल.” टक वाजलं नाही. माझ्या हातातली पळी खाली ठेवली गेली.

“चालत नाही आता, मावशी. चांगला पायही थकला. पोलिओवाल्यांचं ह्या वयात होतं असं. चाकाची खुर्ची घेतलीय.”

चाकं, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. तिला माझ्या गप्प बसण्यातलं सगळं ऐकू जायचं.

“मला माहितीय तुम्ही काय विचार करताय. मीही केला. पहिल्या दिवशी त्यात बसले तेव्हा मी पण कापले.” ती थांबली. “पण ह्या गाड्याला शिवेवर नेऊन सोडायची कुणाची हिंमत आहे, मावशी? काल एका संग्रहालयाच्या दारातून सरळ आत गेले. उतार मीच करून घेतला होता.”

“तुझ्या त्या खुर्चीचा आवाज येत न्हाई,” मी म्हटलं. “मला कसं कळणार?”

ती खाली वाकली असेल. काहीतरी लोखंडी वाजलं. टक.

“हा ब्रेक,” ती म्हणाली.

“अजून एकदा,” मी म्हटलं.